रिकामं वजन

उद्यमबागेतल्या शेडात अकरा महिने खपून
ह्यांनी एक घर जोडलं, दोन चाकांचं.
फौंड्रीनं निरोपाला दिलेलं घड्याळ
त्याच्या पत्र्याला ठोकलं, आणि म्हणाले,
इंदुमती, आता हे जीपच्या मागनं लावायचं आणि फिरायचं.
बरं म्हटलं.
मागनं फिरायची सवय होतीच की मला.

पहिल्यांदा नेलं जांबोटीच्या रस्त्याला.
उतार आला तसं घर शेपूट हलवायला लागलं,
आधी कुत्र्यागत, मग म्हशीगत,
मग कोण कुणाला ओढतंय तेच कळेना.
ह्यांनी गाडी कडेला घेतली. स्टेअरिंग सोडलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
मागं वजन झालंय. तू काय काय भरलंयस?

काहीही डगमगलं
की आधी माझी पिशवी उघडतात.

दुसऱ्या दिवशी संकेश्वरच्या अलीकडं, उसाच्या काट्यावर,
दोन ट्रॉल्यांच्या मधी आमचा नंबर.
ट्रॅक्टरवाली पोरं खिडकीतनं डोकावली,
पडदे बघून हसली.
काट्यावरच्या बसगौडानं एकदा सगळं घर तोललं,
एकदा नुसतं नाक,
आणि पेन कानामागं खोचून म्हणाला,
हिंद भार जास्ती आगेत्री.
हे कानडीत हौद म्हणाले.
मी मराठीत कपाळाला हात लावला.

मग तिथंच, चिपाडाच्या वासात, संसार खाली काढला.
आधी टाकीतलं पाणी सोडलं. साठ लिटर म्हणजे साठ किलो,
पाण्याला त्यात घासाघीस चालत नाही.
मग लाल सिलिंडर, पाच वर्षं नंबर लावून मिळालेला.
त्याच्या गळ्यात ठोकलेलं असतं, रिकामं वजन किती,
पुढची तपासणी कधी.
भरला की तीस किलो, आणि त्यातला निम्मा नुसता लोखंड.
मग माझं मशीन. पायडल घरी ठेवलेलं, नुसतं काळं डोकं,
बारा किलो. मी मान खाली घातली.

मग पलंगाखालनं, अगदी मागच्या कोपऱ्यातनं,
निघाली एक पेटी. माझी नव्हती.
आत सागवानी नमुने, पितळी मापं, पटाशा,
पंपाच्या पंख्याचा पहिला साचा, त्यावर पेन्सिलीनं त्र्याऐंशी साल.
सव्वीस किलो.
हे उसाकडं बघायला लागले.

मी काही बोलले नाही.
आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

खडेबाजारात गॅसच्या दुकानात पोरानं फायबरची टाकी दाखवली,
उजेडात धरली की आत किती उरलंय ते दिसतं.
हे म्हणाले, महाग आहे.
मी म्हटलं, माणसांची अशी निघाली असती तर
पैसे बघितले नसते.
शेवटी पाच पाच किलोच्या दोन छोट्या घेतल्या,
एक पेटवायला, एक भरवशाला.
लाल घरीच राहिला.
पुढच्या दांड्यावर पेटी करून दोन्ही उभ्या बांधल्या,
तळाला भोकं पाडली, कारण गॅस गळला तर
वर जात नाही, पायाशी साचून राहतो.
ते मला ठाऊक होतं.

मशीन आणि पेटी चाकांच्या बरोब्बर वर, एकमेकाला टेकून.
टाकी अर्धीच भरायची ठरलं. नाकाखाली लाकडाचा ठोकळा,
ठोकळ्याखाली न्हाणीतला वजनकाटा:
सत्तर. हे उकिडवे बसून तो आकडा
नातवाचं तोंड बघावं तसा बघत होते.

दुकानातला पोरगा म्हणाला होता, छोट्या टाकीला
पत्त्याचा पुरावा लागत नाही.
बरं झालं. कुठला दिला असता?
घराचा उतारा कानडीत, दारावरची पाटी मराठीत,
आणि दार आता चालतंय साठच्या स्पीडनं.

कोगनोळीचा नाका ओलांडला, तोवर मी आरशात बघत होते.
मागं काही हललं नाही.
चहाला थांबलो, आत गेले, शेगडी पेटवली.
मशीनचं चाक थोडं फिरलं होतं.
सुई खाली उतरलेली,
रस्त्यानं आपल्या आपण
अर्धा टाका घातलेला.